न सांगता गेलेला माणूस : बडोद्यातलं एक वाचनोपचाराचं प्रकरण

काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत पाच पुस्तकं. खुर्चीत बसल्यावर त्यांनी ती एकेक करून माझ्या टेबलावर ठेवली, वर्गात तपासायच्या वह्या लावाव्यात तशी. पाचही सकारात्मक विचारांची, आनंदी राहण्याच्या युक्त्यांची. तीन मुलाने पाठवलेली, एक भाचीने दिलेलं, एक योगवर्गात कुणीतरी हातात कोंबलेलं. "ही सगळी तू ठेवून घे," काकू म्हणाल्या. "एकात लिहिलंय, सुखी राहायचं की दुःखी हे आपण निवडतो. मी निवडलं का गं हे?"

मी दांडिया बाजारच्या एका गल्लीत समुपदेशनाचं काम करते. पुस्तकांचा उपयोग माझ्या कामात बरीच वर्षं आहे, त्यामुळे लोक हमखास यादी मागतात. उदास वाटतंय, कोणतं पुस्तक वाचू? मुलगी परीक्षेला घाबरते, काय वाचायला देऊ? मी पूर्वी याद्या द्यायचेही. काकूंनंतर बंद केलं. हे प्रकरण त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकूंचं वय ६६. मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत ३१ वर्षं शिकवलं. मुलगा परदेशात. आठ महिन्यांपूर्वी काका अचानक गेले. सकाळी दूध आणायला खाली उतरले होते, परत येताना जिन्यातच कोसळले. तेव्हापासून काकूंची झोप पहाटे तीनला मोडते ती मोडतेच. जेवण एक वेळ, तेही उभ्याने. दरवर्षी चार दिवाळी अंक घ्यायच्या, या वर्षीही पेपरवाल्याने आणून टाकले, पण त्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. "वाचायला घेतलं की तीच ओळ तीन-तीनदा वाचते," त्या म्हणाल्या. "डोळा खाली उतरतच नाही."

हे वाक्य मी त्या दिवशी टिपून घेतलं, पण त्याचं वजन मला दोन आठवड्यांनी कळलं.

नैराश्य मोजायला आम्ही पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली वापरतो. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. काकूंचे आले १४, म्हणजे मध्यम. त्यातला सातवा प्रश्नच असा आहे की वर्तमानपत्र वाचताना किंवा टीव्ही बघताना लक्ष लागत नाही, असं किती दिवस झालं? काकूंचं उत्तर होतं, जवळजवळ रोज. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तो मी कधीच आडवळणाने विचारत नाही. काकूंनी थोडा विचार करून सांगितलं, "मरावंसं नाही वाटत. उठावंसं वाटत नाही." हा फरक माझ्यासाठी फार महत्त्वाचा होता. उत्तर वेगळं आलं असतं तर पुस्तकांचा विषय त्या दिवशी मी काढलाच नसता.

त्यांच्या डॉक्टरांकडून थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घेतलं. बी-१२ कमी निघालं, त्याचे उपचार सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञांना एकदा दाखवलं. त्यांनी सांगितलं, सहा आठवडे समुपदेशन करून बघू, उतार पडला नाही तर औषध सुरू करू. इतकं सगळं झाल्याशिवाय मी कुणाच्या हातात पुस्तक देत नाही. उदास दिसणाऱ्या माणसाच्या आत थायरॉईड असू शकतो, आणि त्याला कथासंग्रह वाचून उतार पडत नाही.

आता माझी चूक सांगते.

काकू शिक्षिका, वाचणाऱ्या, शिस्तीच्या. मला वाटलं, यांना नीट पद्धतीचं पुस्तक द्यावं. विचार, भावना आणि कृती यांची साखळी समजावणारं, सोबत रोज भरायचे रकाने: काय घडलं, मनात काय आलं, कसं वाटलं. आठवड्याला वीस पानं. यामागे आधार होता. डेव्हिड बर्न्स या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांचं याच पद्धतीवरचं सामान्य वाचकांसाठीचं पुस्तक १९८० साली आलं. १९८९ मध्ये फॉरेस्ट स्कोगिन आणि सहकाऱ्यांनी साठीपुढच्या, सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या माणसांना ते वाचायला दिलं आणि ज्यांना उपचारासाठी थांबवून ठेवलं होतं त्यांच्याशी तुलना केली. वाचणाऱ्यांना चांगला उतार पडला. काकू वयाने आणि गुणांनी त्या गटात चपखल बसत होत्या.

मी विसरले ती गोष्ट त्याच अभ्यासात होती. त्या माणसांना आठवड्यातून एक छोटा फोन जायचा. कसं चाललंय, कुठपर्यंत आलात, एवढंच. मी काकूंना त्या आठवड्यात एकही फोन केला नाही.

पुढच्या वेळी काकू आल्या त्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून. कोपरे इतके नेटके दुमडलेले की शाळेच्या पहिल्या दिवसाचं पुस्तक वाटावं. आत एकही पान उलटलेलं नव्हतं. "एकतीस वर्षं दुसऱ्यांचा गृहपाठ तपासला," त्या म्हणाल्या, "आणि माझा एक नाही झाला." बोलताना त्यांची नजर फरशीवर होती. मुलाच्या पुस्तकांनी त्यांना सांगितलं होतं की दुःख तुमचीच निवड आहे. आता माझ्या पुस्तकाने सांगितलं की तुम्ही नापास. ज्या बाईची ओळ खाली उतरत नाही, तिला मी वीस पानं दिली होती. गुडघा सुजलेल्या माणसाला पावागडच्या पायऱ्या चढायला सांगावं, तसं.

मी त्यांची माफी मागितली. "गृहपाठ चुकीचा दिला बाईंनी," असं मी म्हटलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

मग मी पद्धत बदलली. वाचन माझं, ऐकणं त्यांचं. दहा मिनिटं, घड्याळ लावून. ऐकायला ओळ पकडून ठेवावी लागत नाही, आवाज ती पुढे नेतो. मोठ्याने वाचून त्यावर बोलण्याची रीत इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या 'द रीडर' या संस्थेने गटांमध्ये रुजवली आहे. तिथे कुणी आधी वाचून यायचं नसतं. सगळे तिथेच ऐकतात, वाटलं तर बोलतात, नाही वाटलं तर चहा पितात. आपल्याकडे पोथी अशीच वाचली जायची. माझी आजी चातुर्मासात ओसरीवर पोथी वाचायची आणि शेजारच्या बायका वाती वळत ऐकायच्या. त्यात ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांचाही वाटा होता.

वाचायला मी लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' निवडलं. निवडीचा विचार सांगते, कारण विचारणारे तेवढंच विचारतात आणि त्यातलं अर्धंच लिहून घेतात. पतिनिधनावरचं पुस्तक मला मुद्दाम नको होतं. ताज्या जखमेसमोर थेट आरसा धरला तर माणूस तोंड फिरवतो. मला हवं होतं थोडं तिरकं, थोडं लांबचं, हसू येणारं. हे पुस्तक १९३४ पासून भागाभागाने आलं. त्यातला एकेक प्रसंग सुटा ऐकता येतो, मागचं लक्षात ठेवण्याचं ओझं नाही. भाषा बोलणाऱ्या बाईची आहे. शिवाय काकूंनी ते विशीत वाचलेलं होतं. वाचलेलं पुस्तक पुन्हा ऐकायला कष्ट कमी पडतात.

लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड होतं, बाजारातून आलेलं सामान धुऊन घेण्यापर्यंत गेलेलं. तो भाग वाचत असताना मी एक शब्द चुकीच्या जागी तोडला. काकूंनी लगेच दुरुस्त केलं. दोन महिन्यांत त्यांनी स्वतःहून केलेली ती पहिली गोष्ट होती, असं मुलाने पुढे मला फोनवर सांगितलं. मग त्या हसल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग मोकळ्या. "आमच्याकडे दुधाच्या पिशव्या!" एवढंच बोलता आलं.

काका दुधाच्या पिशव्या धुवायचे. कात्रीने एक कोपरा कापायचा, तोही सुटू न देता, दूध पातेल्यात ओतायचं, पिशवी उलटी करून साबणाच्या पाण्याने आतून धुवायची आणि गॅलरीतल्या दोरीला चिमटा लावून वाळत घालायची. शंभर झाल्या की रद्दीवाल्याला. काकूंची चिडचिड व्हायची, पाहुणे आले की त्या पिशव्या काढून ठेवायच्या. आणि जिन्यात कोसळले तेव्हा काकांच्या हातात पिशवी होती, फुटली नव्हती. ते दूध काकूंनी ओतून दिलं. पिशवी धुतली. ती स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या खणात आहे. हे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

दहा मिनिटांचं घड्याळ केव्हाच वाजून गेलं होतं.

या सगळ्याला शास्त्रात नाव आहे. सॅम्युएल क्रॉथर्स या अमेरिकन लेखकाने १९१६ साली एका लेखात पुस्तकांनी उपचार करण्याला पहिल्यांदा शब्द दिला: बिब्लिओथेरपी, म्हणजे वाचनोपचार. १९४९ मध्ये कॅरोलिन श्रोड्स यांनी आपल्या प्रबंधात त्याच्या पायऱ्या मांडल्या: आधी वाचक पात्राशी एकरूप होतो, मग भावना मोकळी होते, मग स्वतःबद्दल काही उमगतं. वेल्समध्ये २००५ पासून आणि इंग्लंडमध्ये २०१३ पासून डॉक्टर चिठ्ठीवर पुस्तक लिहून देतात आणि ते सार्वजनिक वाचनालयातून मिळतं. ही व्यवस्था मला फार आवडते. पण पायऱ्या जितक्या क्रमाने कागदावर दिसतात तितक्या खोलीत येत नाहीत. काकूंच्या बाबतीत आधी हसू आलं. एकरूप होणं बऱ्याच पुढे आलं आणि तेही रागातून.

पण त्याआधी घरचं. आठवड्यातला एक तास पुरणारा नव्हता. काकूंची सगळ्यात वाईट वेळ दुपारी चारची, दोघांच्या चहाची. त्या वेळेला काहीतरी ठरलेलं हवं होतं, आणि शक्य तर दुसरं माणूस. समोरच्या दारी एक गुजराती बा राहतात, ८० च्या आसपासच्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यांना वाचायची मनाई. आयुष्य मराठी शेजारात गेलं, त्यामुळे मराठी कळतं, बोलता येत नाही. मी सुचवलं, बांना वाचून दाखवाल? स्वतःसाठी काकूंनी पुस्तक उघडलं नसतं. बांसाठी उघडलं. इतकी वर्षं समोर मुलं बसवून वाचलेल्या बाईचा आवाज, समोर कुणी बसलं की आपोआप लागतो.

दोघी हिंचक्यावर बसायच्या. झोपाळ्याला काकू हिंचकाच म्हणतात. पहिल्या दिवशी दीड पान झालं. तिसऱ्या दिवशी काकू मध्येच थांबल्या, कारण ओळ पुन्हा सुटली. बा म्हणाल्या, "पछी शुं थयुं?" पुढे काय झालं? काकू मला सांगत होत्या, "अगं, माझं लक्ष नाही लागलं तरी बांचं लागलेलं असतं. मग वाचावं लागतं." मी वीस पानांचा गृहपाठ देऊन जे साधू शकले नाही ते बांच्या या प्रश्नाने साधलं. आणि या वेळी मी फोन करत होते, दर बुधवारी, पाच मिनिटं.

सहाव्या आठवड्यात गुण ९ वर आले. मनोविकारतज्ज्ञांनी औषध न देता पुढे चालू ठेवायला सांगितलं.

सातव्या आठवड्यात काकू तणतणत आल्या. चप्पल काढतानाच बोलायला सुरुवात. लक्ष्मीबाईंचे पती, कवी रेव्हरंड टिळक, लग्नानंतरच्या वर्षांत कितीदा तरी कुणाला न सांगता घरातून निघून जायचे. तो भाग बांना वाचून दाखवताना काकूंचा पारा चढला होता. "कवी असशील, मोठा असशील. पण सांगून जाता येत नाही? ती बाई वाट बघत बसायची. एक शब्द? एक शब्द सांगायला काय जातं?" त्या कितीतरी वेळ टिळकांवर बोलत होत्या. मी मध्ये पडले नाही. मग आवाज एकदम खाली आला. "यांनीही नाही सांगितलं."

काकांना गेल्या वर्षभरात छातीत दुखायचं. डॉक्टरांनी अँजिओग्राफी करायला सांगितली होती. तो कागद, दोन ईसीजी आणि औषधांची चिठ्ठी असलेली फाईल काकूंना तेराव्यानंतर कपाटात सापडली, इस्त्रीच्या शर्टांखाली. मुलाला त्यांनी सांगितलं नाही. आठ महिने सगळे त्यांना 'किती भाग्याचं मरण, कुणाला त्रास नाही' असं सांगत होते आणि त्या मान हलवत होत्या. मेलेल्या नवऱ्यावर रागावणारी बाई कशी असेल, असं त्यांना वाटायचं. स्वतःवर मात्र रागावता येत होतं: एवढी शिकलेली, घरातल्या माणसाचं दुखणं दिसलं नाही?

टिळकांवर रागावणं सोपं होतं. ते कुणाचे कुणी नव्हते, शंभर वर्षांपूर्वी वारलेले. त्या रागाला आधी तिकडे जागा मिळाली आणि मग तो घरी आला. माझ्या मते या प्रकरणातला उपचार तो इथे घडला. पुस्तकात दिलासा देणारं वाक्य सापडलं म्हणून नाही. उलट, लक्ष्मीबाई अशा प्रसंगांवर उपदेश करत नाहीत, काय झालं ते सांगून मोकळ्या होतात. ती मोकळी जागा काकूंनी भरली. पिशवीतून आणलेल्या त्या पाच पुस्तकांत अशी जागाच नव्हती. तिथे प्रत्येक पानावर उत्तर तयार होतं.

पुढचे तीन तास त्या फाईलवर गेले, पुस्तकाविना. ते सविस्तर इथे सांगत नाही. इतकंच, की काकूंनी मुलाला व्हिडिओ कॉलवर फाईल दाखवली. तो आधी भडकला, मग रडला, आणि मग म्हणाला की बाबांनी त्यालाही फोनवर 'गॅसेस आहेत' एवढंच सांगितलं होतं.

मधल्या काळात एक घसरण झाली. १८९५ सालच्या टिळकांच्या धर्मांतराचा आणि त्यानंतर नवराबायको कित्येक वर्षं वेगळी राहिली त्या दिवसांचा भाग काकूंनी एका रात्री एकट्याने वाचून काढला. दोन रात्री झोप नाही. 'रात्री एकटीने नाही' असा नियम मी घालून दिला नव्हता, घालायला हवा होता. पुस्तक लागू पडतं याचा अर्थ ते लागतंही. त्याला मात्रा आहे, वेळ आहे, सोबत आहे. तीव्र नैराश्यात, भास होत असताना, मन उन्मादात असताना किंवा आत्महत्येचे विचार येत असताना वाचन हा उपचार नव्हे, तिथे आधी डॉक्टर. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा आहे, १४४१६ हा क्रमांक, फुकट, चोवीस तास, अनेक भारतीय भाषांमध्ये. तो आकडा मी प्रत्येकाच्या फोनमध्ये माझ्यासमोर घालून घेते. काकूंच्याही घातला.

दहाव्या आठवड्यात काकू मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेल्या, रिक्षाने, एकट्या. लहानपणी वडिलांचं बोट धरून जायच्या. तिथल्या पोलादी मांडण्यांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, खालपर्यंत उजेड जावा म्हणून, आणि वर चालणाऱ्यांचे पाय सावलीसारखे दिसतात. बडोद्यात वाढलेल्या मुलांना ते आठवतं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून या संस्थानात वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. गावोगावी पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवल्या जायच्या, ज्यांना शहरात येणं जमत नाही त्यांच्यासाठी. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. "मग माझी पेटी म्हणजे बा," त्या म्हणाल्या.

बाराव्या आठवड्यात गुण ६. वर्षश्राद्धाच्या आठवड्यात पुन्हा १० वर गेले, पंधरा दिवसांत खाली आले. हे पुस्तकाने झालं असा दावा मी करणार नाही. बी-१२ होतं, गेलेला काळ होता, बांची सोबत होती, मुलाशी झालेलं बोलणं होतं, सकाळी सुरसागरला चालायला जाणं सुरू झालं होतं. एका माणसाच्या गोष्टीत कोणत्या धाग्याने किती ओढलं, ते वेगळं काढता येत नाही. पण फाईलपर्यंतची वाट वाचनातून निघाली, याबद्दल मला शंका नाही.

काकू आता दोन महिन्यांतून एकदा येतात. बांचा डोळा बरा झाला, तरी चारचं वाचन चालू आहे. बा आता स्वतः वाचू शकतात, पण वाचत नाहीत. दिवाळी अंकांची प्लास्टिकं निघाली, चारातले दोन वाचून झाले. दूध आता घरपोच येतं आणि पिशवी काकू धुतात, दोरीला लावतात. खणातली ती एक तिथेच आहे.

रात्री मात्र अजून वाचवत नाही. पलंगाच्या त्यांच्या बाजूला दिवा नव्हताच, काकांच्या बाजूला होता, आणि तो त्या लावत नाहीत. मी एकदा विचारलं, दुसरा घेऊया का? "राहू दे आत्ता," म्हणाल्या. तो विषय आम्ही सध्या तसाच ठेवला आहे.